पुढून म्हणायचं कोणी?

प्रिय अव्वा,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला नीट लिहिता येत नाही. माझी शाळा तिसरीपर्यंतच. तरी लिहायला बसले, कारण काल गल्लीतल्या बायका आल्या आणि म्हणाल्या, "औंदा बतकम्माच्या सणाला पुढून गाणं तूच म्हणायचं. तुझी आई म्हणायची की."

मी हो म्हणून बसले. त्या गेल्यावर कळलं, मला तर एक ओळ धड येत नाही.

चाळीस वर्षं फुलांच्या ताटाभोवती तुझ्या मागं फिरले, टाळ्या वाजवल्या. तू तेलुगूत ओळ म्हणायचीस, आम्ही सगळ्या मागचं पालुपद. मला तेवढंच येतं. तू पुढं असताना ओळीकडं कोण ध्यान देणार?

विड्या वळताना तू शिकवायला बघायचीस. मांडीवर सूप, हातात पान, आणि तोंडानं हळूहळू गाणं. मी म्हणायचे, "अव्वा, पुरे की. हात चालव." तू गप्प व्हायचीस. का गप्प झालीस? एक रट्टा द्यायचा होतास.

आणि एक सांगते, राग मानू नकोस. पोरीशी मराठीच बोला, शाळेत हसतात, हे तूच म्हणालीस ना? मी ऐकलं. शेवटी दवाखान्यात तू श्रुतीचा हात धरून किती वेळ तेलुगूत बोलत होतीस. ती बाहेर येऊन मला विचारते, "आई, आजी काय म्हणाली?" मी औषधं आणायला गेले होते. मी काय सांगणार?

आज सकाळी तिला घेऊन राजव्वाकडं गेले. तुझ्या मैत्रिणीचे कान गेले, जीभ तशीच हाय. "आत्ता आठवण झाली व्हय? आई होती तवा कुटं होतीस?"

"विड्या वळत होते, तुझ्यासारखीच," तिच्या कानाशी ओरडून म्हटलं. तेव्हा हसली.

दात नाहीत, त्यामुळं तिच्या निम्म्या ओळी वाऱ्यावर जातात. श्रुती मराठी अक्षरांत लिहून घेत होती आणि दर ओळीला "म्हणजे काय?" विचारत होती. राजव्वा वैतागली, मीही वैतागले. पोरीनं सोडलं नाही. सकाळभरात चार ओळी झाल्या.

शेजारची रेणुका म्हणाली, "कशाला जीव काढतीस? मोबाईलवर लाव, मी स्पीकर आणते." मी सांगितलं, लावायचा तर तुझ्या दारात लाव.

अव्वा, मी चुकणार. एखादी ओळ दोनदा म्हणेन, बायका हसतील. हसू देत. पण पुढून मीच म्हणणार, आणि श्रुतीला मागं नाही, शेजारी उभी करणार. घरात तिच्याशी आजपासून तेलुगूच. कळलं नाही तर परत सांगेन, न चिडता. न चिडता जमेल का, ते ठाऊक नाही. पण परत सांगेन.

तुझी,
पद्मा