क्लॅरनेट, ये बाहेर

अप्पा, तुमच्या बँडची कॅसेट सापडली. तुमचे क्लॅरनेटवाले वारले, त्यांच्या सुनेनं घर आवरताना ती बाजूला काढली आणि देवळाली कॅम्पातून इथे कॉलेज रोडला स्वतः आणून दिली. रेडिओवर तुमचा पहिला कार्यक्रम लागला, तेव्हा त्यांनी शेजारी टेप लावून तो भरून घेतला होता. तुमचं एवढंच उरलंय. बाकी जन्मभर जे वाजवलंत, ते लग्नाच्या मांडवांबरोबर उठून गेलं. माझ्या मुलानं कॅसेट मोबाइलवर उतरवून दिली. तुमचा आवाज ऐकायचा म्हणून मी दार लावून बसले, आणि पाच वेळा ऐकून मगच मान्य केलं की त्यात तो नाही.

तुम्ही काय वाजवायचात, हे आता लोकांना समजावून सांगावं लागतं. लष्करी बँडातून निवृत्त झालेल्या एका हवालदाराकडून तुम्ही कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, शिकलात, साहेबलोकांच्या क्लबातल्या विलायती नाचाच्या चाली उचलल्यात आणि त्यांच्याखाली आपल्या संबळाचा ठेका घातलात. जाणकारांनी नाकं मुरडली, वऱ्हाडी नाचले. पण लोक तुम्हाला ओळखायचे ते ओरडण्यावरून. चाल रंगात आली की कॉर्नेट खाली घेऊन तुम्ही एकेका वाद्याला हाक मारायचात, दारात उभं राहून शेजाऱ्याला बोलवावं तशी. "क्लॅरनेट, ये बाहेर!" मग क्लॅरनेट एकटं सुटायचं. आई म्हणायची, जित्याची खोड, मेल्याशिवाय जायची नाही. शाळेत बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं की वर्गातल्या मुली मागून हळूच म्हणायच्या, क्लॅरनेट, ये बाहेर. मला तुमची लाज वाटायची. तुम्हाला ते कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

मी नववीत असताना मुंबईहून रेडिओचं पत्र आलं, इंग्रजीत टाइप केलेलं. तुम्ही ते दोन्ही बाजूंनी पाहून माझ्या हातात देता. आई कणीक मळता मळता थांबली आहे. मी वाचून सांगते: ध्वनिमुद्रणाची तारीख, वेळ, वादक किती, तासभर आधी हजर राहावं. आणि शेवटी, वाजवताना कोणी बोलू नये.

"मी पन नाय?" तुम्ही विचारलंत.

"तुम्ही पण नाही."

"कायदा हाय त्यांचा," हे तुम्ही आईला बजावलंत, जणू तीच ओरडणार होती. मग जायच्या दिवसापर्यंत तालमीत हाकेची जागा आली की तुम्ही तोंडावर रुमाल धरायचात. वादक हसायचे, तुम्ही नाही. कार्यक्रम लागला तेव्हा सगळी गल्ली आपल्या ओट्यावर होती आणि सगळ्यांनी छान म्हटलं. आईनं तेवढं विचारलं, हा आपलाच बँड का. रेडिओवाल्यांनी पुढेही पुष्कळदा बोलावलं, तुमचं नाव झालं, आणि दर वेळी तुम्ही तिथे गप्प राहिलात. आईची म्हण खोटी ठरली. वर्गातल्या मुलीही गप्प बसल्या, आणि मी खूश होते.

कॅसेटमध्ये दुसऱ्या चालीत एक जागा आहे. कॉर्नेट थांबतो आणि क्लॅरनेट लगेच उठत नाही. नुसता संबळ वाजत राहतो. क्लॅरनेटवाले थांबलेत, तुमच्या हाकेसाठी. इतकी तालीम करूनही त्यांची सवय गेली नव्हती. मग ते आपले आपणच सुरू होतात. मला ती जागा आता पाठ झाली आहे. परवा तिथे मीच हाक मारून पाहिली. मला तुमची फार आठवण येते, अप्पा. या वयात ती येईल असं वाटलं नव्हतं.

रेडिओचं ते पत्र आईनं जपून ठेवलं होतं, ते माझ्याकडे आहे. हेही त्याच पाकिटात ठेवणार, पाठवायला पत्ता कुठे आहे. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मराठीत लिहिते. कोणी बोलू नये, अशी ओळ त्या इंग्रजी पत्रात नव्हती.