ज्वारीत उभ्या गाड्या

नागपूर,
८ डिसेंबर २०२५

ती. सावळाराममामांस,
स्वरूपाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. आई म्हणाली, मामाला फोनवर काही विचारलंस तर तो आधी तासभर चाकणची कोंडी सांगेल, त्यापेक्षा लिहून विचार. म्हणून हे पत्र.

आमचं ऑफिस तुमच्या भागासाठी मालवाहतूक केंद्र आखतंय. रेल्वेने आलेले कंटेनर तिथे उतरवून ट्रकवर चढवायचे आणि कारखान्यांचा माल ट्रकमधून रेल्वेवर. जागा शोधायला गाड्यांवरच्या जीपीएसची माहिती घेतली, तर मोरदरा गावच्या एका माळावर गाड्यांचं नुसतं मोहोळ. साहेबांनी तिथेच केंद्राची खूण केली. पण नकाशात त्या जागी ना कारखाना, ना गोदाम. मग एवढ्या गाड्या दिवस-दिवस तिथे करतात काय? तुम्ही ट्रकवरच्या क्लीनरपासून ट्रकमालक झालात, तुम्हाला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

महिनाअखेर बैठक आहे. जागा पक्की झाली की तिथल्या शेतकऱ्यांना नोटिसा निघतील, म्हणून घाई. मामीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ या वेळी उत्तरातून दिसू द्या.

आपली भाची,
स्वरूपा

चाकण,
१५ डिसेंबर २०२५

चि. स्वरूपास,
सावळाराममामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला सांग, कोंडी पत्रातही सांगता येते. मोरदऱ्याला निघालो आणि निम्मी सकाळ तळेगाव चौकातच गेली.

पोचलो तर माळावर एक गाडी नाही. कमरेला लागेल अशी ज्वारी उभी, आणि बांधाला चिमाबाईची चहा-भाकरीची टपरी. शेतही तिचंच. वाटलं, तुमच्या कॉम्प्युटरला ऊन लागलं. चहा सांगितला आणि गप बसलो. गप बसलेल्या म्हाताऱ्यासमोर माणसं मोकळं बोलतात, यावरच माझा निम्मा धंदा उभा राहिलाय.

थोड्या वेळानं रस्त्यावर एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं चिमाबाईच्या हातात एक डबी दिली, म्हणाला मावशी, वाशीहून येईस्तोवर सांभाळ, आणि गेला. तिनं ती पिशवीत घालून खिळ्याला अडकवली. वाकून बघतो तर भिंतभर पिशव्या, आणि प्रत्येकीत हिरवा दिवा लुकलुकतोय.

अगं, हे तुझं मोहोळ. कारखान्यात माल उतरवला की ऑफिस ड्रायव्हरला सांगतं, पुढचा माल मिळेपर्यंत थांब. ते थांबणं कधी संपेल सांगता येत नाही. गाडी कुठं आहे ते कळावं म्हणून चुंबकाची जीपीएस डबी चिकटवलेली असते. ही पोरं ती काढून चिमाबाईकडं ठेवतात, चाकणच्या बाजारातून कांदा भरतात, वाशीच्या बाजारात टाकून परत येतात. ऑफिसात दिसतं, गाडी शहाण्यासारखी उभी आहे. तुमच्या साहेबांनी केंद्र आखलंय ते या भिंतीवर.

पोट धरून हसलो. मग एका डबीवर माझ्याच गाडीचा नंबर दिसला, आणि हसू जरा आवरलं.

चिमाबाईनं न मागता दुसरा चहा पुढं केला. मी तिला सांगितलं, की या डब्यांपायी तुझ्या शेतावर खूण पडलीय. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, सावळाभाऊ, धनी गेल्यापास्नं हे रान म्या एकटीनं कसलंय, गेलं तर जीव तुटंल. पर तू पोरांची नावं सांगितलीस तर उद्या त्यांची नोकरी जाईल, तसलं करून रान ऱ्हायलेलं मला नगं. मी शब्द दिला. म्हणून या पत्रात पोरांचं एकही नाव नाही, आणि गाडीचा नंबरही नाही.

आता तू शिकलेली. रानही राहावं आणि कुणाची भाकरीही जाऊ नये, असा रस्ता काढ. नाही निघाला तर मामाला पुन्हा कामाला लाव. आहे तोच लोभ राहू दे.

तुझा,
सावळाराममामा

नागपूर,
३ जानेवारी २०२६

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. फोनवर तुमच्याकडून शेताचा फोटो मागवला तेव्हा तुम्ही ‘कशाला’ विचारलंत. तो फोटो बैठकीत लावला. शेजारी ठिपक्यांचा नकाशा, तारीख तीच. साहेब चष्मा काढून जवळ गेले आणि विचारलं, की इतके ट्रक उभे राहून ज्वारीचं एक ताटही कसं मोडलं नाही. सगळे हसले, शेवटी तेही हसले. माळावरची खूण पुसली. आता बाजाराजवळच्या पडीक जागा पाहायला माणसं पाठवणार आहेत, पायी.

एकानं विचारलं, की मग गाड्या जातात कुठे? मी म्हटलं, विचारून सांगते. मामा, थांबलेल्या गाडीला कांदा उघडपणे भरता यावा, असा माल चढवायचा एक धक्का केंद्रात ठेवावा असं मला सुचवायचंय. पण ते ड्रायव्हरांनी स्वतः सांगितलं तर खरं. न घाबरता बोलतील का? आशीर्वाद आणि खबर, दोन्हीची वाट पाहते.

आपली,
स्वरूपा

चाकण,
११ जानेवारी २०२६

चि. स्वरूपास, अनेक आशीर्वाद.

ड्रायव्हरांना बोलावून सांगितलं, की माझ्या गाड्या थांबल्या की राजरोस कांदा भरा, भाड्यात तुमचाही वाटा. त्यांतल्या भिमाजीनं विचारलं, मालक, अंगात ताप आहे का. मग सगळे उठून चिमाबाईचा सल्ला घ्यायला गेले.

ती म्हणाली, जावा, बोला, सावळाभाऊ खोटा न्हाई. माझ्या गाड्यांच्या डब्या तिनं धुतलेल्या पिशव्यांत घालून परत पाठवल्या. बाकीच्या मालकांचं एकेक बघतो. माझी पोरं तुमच्या माणसांशी बोलायला तयार आहेत. पहिला बोलणार भिमाजी, कारण तापाची गोष्ट त्यानंच काढली.

चिमाबाईचं एक काम आहे. रान काही ती सोडणार नाही, ज्वारी पोटऱ्यात आली आहे, आता कणसं निघतील. पण केंद्राचं गेट कोणत्या बाजूला होणार, ते तिला इतरांच्या आधी कळव. टपरीला चाकं बसवून घेतलीत तिनं.

तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं काय लिहू.

तुझा,
सावळाराममामा