सरांचा खोकला

मंगळवार, संध्याकाळ. गारखेडा.

गेलेल्या माणसाचा खोकला ही चूक म्हणायची का?

अंध मुलांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं आमचं मुक्त सॉफ्टवेअर शुक्रवारी बाहेर पडतंय. तोवर कोड गोठवलाय. गंभीर दोष सोडून कशालाच हात लावायचा नाही, आणि ही राखण माझ्याकडे. त्यातला आवाज मला शिकवलेल्या जोशी सरांचा. ते उन्हाळ्यात गेले. रेकॉर्डिंग करताना आलेला त्यांचा खोकला आता ‘उद्या’ या शब्दाआधी दर वेळी ऐकू येतो.

दुपारी तपासत होते, तर तो खोकला ऐकून आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलंय गं? चहा टाकू?" शिकलेल्या लेकीकडे माणसं येणारच, असं तिला वाटतं. मी हेडफोन लावले.

तरी तो खोकला काढू नये असंच वाटत होतं. शब्द तर रेकॉर्डिंगचे तुकडे घेऊन यंत्र जुळवतं. सरांचं खरं तेवढंच उरलंय. नियमही माझ्याच बाजूनं होता.

मग चाचणी करणाऱ्या रुखसानाचा वसतिगृहातून फोन. तिला दिसत नाही. "ताई, लई जवळून कुणीतरी खोकतंय. मी एकटीच हाय, माहितंय मला. तरी दर वेळी उठून कडी चाचपते."

कडी चाचपते.

दोषापुढे ‘गंभीर’ लिहिलं, माझ्याच सहीनं अपवाद दिला आणि सरांचा खोकला कापून टाकला.