तिच्या मायचा बारीक डोळा

मंगळवार, संध्याकाळ. नांदूरघाट.

नंदा आज तिच्या मायचं चित्र घेऊन गेली. उद्या वर्षश्राद्ध आहे. मोबाइलवरच्या फोटोत म्हातारी उसाच्या फडात उभी, उन्हानं एक डोळा बारीक केलेला. मी नेहमीसारखा रंग उजळ केला, दोन्ही डोळे सारखे केले. गेलेलं माणूस असंच काढायचं, हे मला चित्रं शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितलेलं.

नंदा बघतच राहिली. "लई छान झालंय, मामा. पण मायचा तो डोळा कुठं गेला?"

तो बारीक डोळा मलाही खुणावत होता की. मग काहून काढला न्हाई? एक तरी चेहरा माझ्या नजरेनं कधी काढणार मी?

"ठेवून जा, बदलतो," म्हणालो. पाव्हणे येणार म्हणून तिनं नेलंच.

तो डोळा अजून समोरून हलत नाही. चित्रात माझी म्हणावी अशी फक्त खालची सही होती.