आरीशी खेळायचा पाव तास

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा बूट शिवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मांडीवर बसलेलं मांजर नखं रोवत आहे, ते दडपण धरू नये. डॉक्टरांनी हृदय तपासून तोंड वाकडं केलं, म्हणून ही घाई.

१. दुकानामागची राहती खोली व बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला. तिने माझं खूप केलं. मांजर मात्र तिच्याकडे जाणार नाही. "मामा, बॅटरीवर पळणारा उंदीर आणते, आपली आपण खेळेल ती," असं ती म्हणाली होती. पोरी, तुझ्यावर जीव आहे, पण तो उंदीर मी हातोड्याने ठेचला असता.

२. मांजरीचं नाव आरी. चामड्याला भोक पाडायच्या आरीसारखीच टोचते. तिच्याशी रोज पाच ते सव्वापाच खेळलंच पाहिजे. बुटाच्या नाडीला चामड्याचा तुकडा बांधून फरशीवरून ओढावा आणि शेवटी तो तिला पकडू द्यावा. पकडू न देता जो उठेल, त्याची पोटरी त्याला पुढचं सांगेल.

३. सात वर्षांपूर्वी शाळेच्या बुटांचं मोठं काम आलं आणि मी तीन आठवडे तिच्याशी खेळलो नाही. तिची खुमखुमी जिरेना. मी रापीने चामडं कापत असताना तिने माझ्या पायावर झडप घातली आणि रापी माझ्या डाव्या तळहातातून आरपार गेली. शेजारी काम करणाऱ्या धाकट्या भावाने माझं रक्त पाहिलं आणि तिला मानेला धरून भिंतीवर आपटलं. तिचा एक डोळा गेला. मी उजव्या हाताने हातोडा उचलून त्याच्या तोंडावर घातला. तीन दात पडले. त्याने माझा अर्धा कान चावून तोडला. गिऱ्हाईक एका पायात बूट घालून पळालं. तेव्हापासून आम्हा भावांचं बोलणं बंद. दोष मांजरीचा नव्हता. पाव तास मी चुकवला होता, हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

४. गेल्या महिन्यात मी नऊ दिवस इस्पितळात होतो. किल्ली शेजारच्या शिंप्याकडे होती. परवा तो म्हणाला, "अहो, तुमचा भाऊ रोज पाचच्या ठोक्याला यायचा. नाडी ओढत गुडघ्यांवर फिरायचा. तिने त्याचे हात सोलून काढले. मी म्हटलं, राहू दे आता. तर म्हणतो, 'फाडू दे, तिचा हक्क आहे.' तुम्हाला सांगितलं तर माझे दात पाडीन म्हणाला."

५. म्हणून दुकान, शिलाईयंत्र, रापी, तो हातोडा आणि मांजर धाकट्याला. गाढवा, एक दिवस जरी पाचची वेळ चुकवलीस, तर वरून उतरून येईन आणि उरलेले दातही पाडीन. पडलेले तीन मी खिळ्यांच्या डबीत जपून ठेवले आहेत. तेही तुझेच.

६. हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडण्यासाठी नाही. शिंप्याने ते आत्ताच नेऊन धाकट्याला वाचून दाखवावं. पाच वाजायला वीस मिनिटं आहेत, नाडी बांधून ठेवली आहे आणि मला आता खाली वाकवत नाही.

साक्षीदार: १) शेजारचा शिंपी २) समोरचा न्हावी
(भावाचीच सही घेणार होतो. ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं वकील म्हणाला.)

सही: थोरला
ठिकाण: दुकानातली फरशी
तारीख: नऊ ऑक्टोबर