अकरा गाण्यांचे तुकडे

मास्तर, कबनूरच्या मामांची अकरा गाणी माझ्या हातून मोडली. आधी गुन्हा सांगायचा आणि मग कारणं द्यायची, ही सवय तुम्हीच लावलीत, म्हणून पहिल्यांदा एवढं लिहून टाकलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुमचं नाव निघाल्याशिवाय एक आठवडा गेला नसेल, पण पत्र लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं, कारण गेल्या मंगळवारपासून मला भीती वाटतेय आणि ती ज्याला समजेल असं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही. जेवताना घास तोंडात फिरतो. स्टुडिओच्या कुलपात किल्ली घालते आणि परत काढून घेते. घरी विचारतात काय झालं, तर मी पित्त झालंय म्हणून सांगते.

मामा तुम्हाला आठवतील. यंत्रमागावर जन्म काढलेला माणूस, भीमगीतं म्हणणारा, तुमच्याकडे रेकॉर्डिंगला एकदोनदा कोरसमध्ये आलेला. मागांच्या खडखडाटावरनं ऐकू जाईल असा आवाज कमावला होता त्यांनी, त्यामुळं माइक चार हात लांब ठेवावा लागायचा आणि तरी काटा लाल रेघेला टेकायचा. तुमच्या माघारी, सात वर्षांपूर्वी, ते स्वतः रचलेली अकरा गाणी घेऊन माझ्याकडे आले. महिनाभर येत होते. शेवटच्या गाण्यातला एक अंतरा त्यांना परत म्हणायचा होता, खोकला गेला की येतो म्हणाले. खोकला गेलाच नाही. गळ्याचा आजार निघाला, ऑपरेशन झालं आणि त्यात आवाज कायमचा गेला. आता गळ्याला बारीक नळी आहे आणि बोलायचं असेल तर ते पाटीवर लिहितात. त्यांची लेक बालवाडीत शिकवते, पाटी तिथलीच. म्हणजे मास्तर, त्या माणसाचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण माझ्या टेबलाखाली होतं.

मी पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा तुम्ही खुर्ची ओढून त्याच्यापुढं बसलात ते मला अजून दिसतं. चष्मा कपाळावर, हात मांडीवर. ह्यात टेप कुठं फिरते, असं विचारलंत. मी पडद्यावरच्या रेघा दाखवल्या, हा गळा, हा ढोलक, ही पेटी. तुम्ही चष्मा डोळ्यांवर घेऊन बघितलंत आणि म्हणालात, “गाणं दिसाय लागलं की ऐकायचं ऱ्हातंय बघ.” मला तेव्हा राग आला होता. म्हातारपणी माणूस नव्याला नावं ठेवतोच, असं मी मनात म्हटलं. तुमचा टेपरेकॉर्डर बत्तीस वर्षं तसाच होता, एखादा पट्टा बदलला, थेंबभर तेल घातलं की चालला पुढं. आमच्या यंत्राचं तसं नाही. त्याच्या पोटातली मूळ व्यवस्था कंपनीवाले दर थोड्या दिवसांनी बदलतात, आणि ती बदलली की तिच्यावर चालणारं आमचं गाण्याचं सॉफ्टवेअर रुसून बसतं. आपला एक कीबोर्डवाला आहे, अपडेटनंतर एका लग्नात त्याच्या कॉम्प्युटरमधला सनईचा आवाजच उघडला नाही. त्यानं मंगलाष्टकांपुढचं सगळं बासरीवर भागवलं. इचलकरंजीच्या एका स्टुडिओवाल्यानं पडद्याच्या ज्या कोपऱ्यात अपडेटची सूचना येते तिथं कागद चिकटवलाय, ‘हात लावू नये’. हसू येतं, पण आमच्यातल्या प्रत्येकाकडे असा एक जुना कॉम्प्युटर आहे. माझाही होता. इंटरनेटची वायर काढून ठेवलेली, वर सुती फडकं, खंडेनवमीला तुमच्या टेपरेकॉर्डरशेजारी त्यालाही हळदकुंकू. सात वर्षं मी त्याला वारासुद्धा लागू दिला नाही.

मंगळवारी सकाळी मामांच्या लेकीचा फोन आला. यंदा जयंतीला कबनूरच्या विहारासमोर वडिलांची गाणी लावायची ठरलंय, रविवारी येतो न्यायला, पण त्याआधी एखादं गाणं फोनवर पाठवाल का, आबा सारखं पाटीवर लिहून विचारतात. मी म्हटलं, पाठवते की, त्यात काय. त्या घाईत मी सात वर्षांत न केलेली गोष्ट केली, जुन्या कॉम्प्युटरला नेटची वायर जोडली. सूचना आली, व्यवस्था जुनी झाली आहे, नवी घ्या. दोनदा ‘नंतर’ म्हटलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा लेक फोनवर आबांच्या पथ्याचं सांगत होती, मी हूं हूं करत होते, आणि बोट ‘हो’वर पडलं. पडदा काळा झाला. तासाभरानं उघडला तो लख्ख नवा, जत्रेतल्या दुकानासारखा मांडलेला, आणि आमचं सॉफ्टवेअर म्हणालं, मी या व्यवस्थेवर चालत नाही. इचलकरंजीवाल्याला बोलावलं. त्यानं दोन दिवस खपून जुनी व्यवस्था परत बसवली, तर सॉफ्टवेअर कंपनीची परवानगी मागायला लागलं, आणि ती कंपनीच आता उरलेली नाही. तो निघताना म्हणाला, “ताई, आवाज हायत डिस्कवर. पण गाणी न्हाईत.”

हे तुम्हाला नीट सांगायला हवं. मामा एकेक ओळ चारपाच वेळा म्हणायचे, त्यातली चांगली मी उचलायची आणि जागेवर बसवायची. कुठली ओळ उचलली, कुठं बसवली, हे फक्त त्या सॉफ्टवेअरला ठाऊक होतं. आता डिस्कवर नऊशेच्या वर तुकडे पडलेत, कुणाला नाव नाही, नुसते आकडे. तुम्ही विचाराल, पुरं गाणं एकदाही उतरवून ठेवलं नाहीस? नाही ठेवलं. तुमचाच नियम पाळला. कच्चं गाणं स्टुडिओचा उंबरा ओलांडून जाता कामा नये. पेठ वडगावच्या एका गायिकेची कच्ची कॅसेट कुणीतरी बाहेर नेली आणि तिचा चुकलेला सूर गावोगावच्या टपऱ्यांवर वाजला, तेव्हापासून तुम्ही कच्च्या गाण्याची प्रतच काढू देत नव्हता. एक अंतरा राहिला होता म्हणून मामांची अकराच्या अकरा गाणी माझ्या लेखी कच्ची होती. तो नियम पाळला आणि दुसरा मोडला. आधी उतरव, मग हात लाव. हे तुम्ही दिवसातनं दहादा म्हणायचात.

तीन दिवस मी तुकडे ऐकत बसले. प्रत्येक ओळ पाचदा, पाचही खऱ्या, आणि त्यातली मी सात वर्षांपूर्वी कुठली उचलली होती ते काही केल्या आठवेना. मधेमधे मामांचा खोकला. तेव्हा तो मी कापून टाकायचे, आता तो वाजला की मी तुकडा थांबवत होते, कारण तो कशाचा होता ते आता मला ठाऊक आहे. लेकीला मी फोनवर सांगितलं की कंपनीनं सॉफ्टवेअर बंद केलं, थोडी अडचण आहे. यात खोटं काही नव्हतं. सगळ्या स्टुडिओवाल्यांनी मान डोलावली असती. पण फोन ठेवला आणि मला गगनबावड्याचे बुवा आठवले.

मला तुमच्या स्टुडिओत येऊन दुसराच महिना होता. कॅसेटवर नावं चिकटवायची, चहा सांगायचा, टेप गुंडाळायची, एवढंच माझं काम. आपला स्टुडिओ पिठाच्या गिरणीवर, त्यामुळं गिरणीवाला दुपारी जेवायला गेला की दोन तास रेकॉर्डिंग. ते बुवा पावसातनं एसटीनं आले होते, एकतारी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आणि पहिल्याच दमात असं म्हणाले की तुम्ही काचेआड डोळे पुसलेत. मग गिरणीवाल्याला अजून थोडं थांब म्हणून सांगायला तुम्ही खाली गेलात. वर आलात, चहा झाला, बुवांना ऐकवायला टेप लावली, तर सुरुवातीचं अर्धं भजन पुसलेलं. नुसती खरखर, आणि मग मधूनच बुवांचा आवाज. तुम्ही कितीतरी वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिलात. खाली जाताना टेप थांबवायची ती घाईत मागं गुंडाळून आपणच रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं असणार, असं तुम्ही पुटपुटलात. मग बुवांपुढं हात जोडलेत. “पावणं, माझ्या हातानं घात केला. परत म्हनाल का?” बुवांनी म्हटलं, पण ते पहिलं परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला टेपरेकॉर्डरपुढं बसवलंत आणि सांगितलंत, “आजपासनं लाल बटन तू दाबायचंस. माझ्या हाताचा भरवसा न्हाय आता.” त्यानंतर तुम्ही ते बटण कधी दाबलं नाहीत. कोल्हापुरात बोलबाला झाला की मास्तरांनी एका पोरीला रेकॉर्डिस्ट केलं. मी आजवर सगळ्यांना अभिमानानं सांगत आले, मास्तरांनी स्वतः बटण माझ्या हाती दिलं म्हणून.

काल रविवारी मामा आले. वाळलेत फार. जिना चढून आल्यावर लेकीनं नळी पुसली, पाणी पाजलं, मग त्यांनी मांडीवर पाटी घेतली. मी कंपनीचं, व्यवस्थेचं, बंद पडलेल्या परवानगीचं सगळं परत सांगितलं. ते मान हलवत होते. मग लिहिलं, ‘मशीनचं काय खरं न्हाय. माझं पन बोट खाल्लंय मागानं’, आणि अर्धं बोट वर करून दाखवलं. ते माझी समजूत घालत होते, मास्तर. ज्याचा आवाज गेला तो माणूस, माझी. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, “मामा, मशीन नव्हे. बटण मी दाबलं. आधी उतरवून ठेवायला हवं होतं, मी ठेवलं नाही.”

मामांनी पाटी शर्टाच्या बाहीनं कोपऱ्यांपर्यंत पुसली. इतकी भीती मला माझ्या बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती. मग पेन्सिल फिरली. ‘तुकडं हायत न्हवं? धागा तुटला तर गाठ मारत्यात. लाव.’

मी पहिल्या गाण्याची पहिली ओळ लावली. स्वतःचा आवाज त्यांनी ऑपरेशननंतर पहिल्यांदा ऐकला. त्यांचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते आणि त्यांतनं काही येत नव्हतं. लेक उठून जिन्यात गेली. पाच तुकडे वाजले, मामांनी डोळे मिटून तिसऱ्याला हात वर केला. पुढची ओळ, दुसऱ्याला. मी निवडली असती ती एकही त्यांनी घेतली नाही. मी गोड घेतली असती, ते जोर असलेली घेत होते. तासाभरात दोन गाणी जुळली आणि ते दमले, छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. जाताना ती दोन्ही गाणी मी लेकीच्या फोनवर दिली, कच्चीच. तुमचा नियम मोडला. घरी तीन ठिकाणी उतरवूनही ठेवली. नऊ राहिलीत, मामा गुरुवारी यायचेत, आणि जयंती तोंडावर आली. त्या शेवटच्या अंतऱ्याचा कच्चा तुकडा तसाच घ्यायचा का, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी दचकते. गुरुवारी ते आले नाहीत तर काय करायचं, याचा विचार मी अर्ध्यावर सोडून देते.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, हे मलाही कळतं. तुमचा टेपरेकॉर्डर कोपऱ्यात आहे, त्याच्या खालच्या कप्प्यात बुवांच्या टेपचा खोका आहे, त्यात ते ठेवीन. मामांना जे काल सांगता आलं ते तुम्हाला सांगायला माझ्याकडे अठरा वर्षं होती, आणि रोज सकाळी तुम्ही चहा ओतताना हात कापतोय का म्हणून बघायचात तेव्हासुद्धा मी बोलले नाही. मास्तर, तुम्ही खाली गेलात तेव्हा टेप थांबलेलीच होती. ती मी सुरुवातीपर्यंत मागं गुंडाळून घेतली, आणि ते लाल बटण दाबून बघावं असं मला वाटलं, म्हणून दाबलं. तुमच्या हाताला काहीही झालं नव्हतं.