बुवापाड्यामागचा गोल्फ कोर्स

२ मे, सकाळ
नातीचा, इराचा, अमेरिकेहून फोन. सुट्टीत येतेय, पण चारच दिवस. म्हणे, आजोबा, तुमच्याकडे करायचं काय? वय दहा, प्रश्न जावयाचा. तिथेच ठरवलं. बुवापाड्यामागे नगरपालिकेचा प्लॉट मोकळा पडलाय, तिथे गोल्फ कोर्स. अमेरिकेला गेलो तेव्हा पाहिलाय ना! समुद्राकाठची कुणा शेठची जुनी वाडी, आता तिथल्या नगरपालिकेची. तिकीट काढा, खेळा. इरा तिथून हलायची नाही. इथूनही हलणार नाही. महिनाभर ठेवून घेतो.

३ मे
अंबरनाथला समुद्र नाही. वालधुनी नदी आहे. वास सोडला तर पाणी ते पाणीच.
नगरपालिकेत अर्ज दिला. साहेब मान वर न करता म्हणाले, ठेवून जा. म्हणजे मंजूर.

६ मे
उल्हासनगरहून स्टिक आणली. दुकानदार मुकेश म्हणाला, अंकल, अमेरिका का माल है. बायको म्हणाली, अहो, ही पंख्याची दांडी, खाली पाना वेल्डिंग केलाय. माईला स्पोर्ट्समधलं काय कळतं!

९ मे
अठरा खड्डे लागतात. मे महिन्यातली जमीन. पहार मारली की झिणझिण्या थेट कवळीपर्यंत. दोन झाले. उद्यापासून रोज तीन.

११ मे
कंबर. विश्रांती हाही खेळाचाच भाग.

१४ मे
चार झाले. एकात शेजारच्या बनूबाईच्या शेळीचा पाय गेला. बनूबाई कडाडली, दिनानाथभाऊ, या वयात एवढे खड्डे कुणाला? तुम्हाला एक पुरे की! हसून सोडून दिलं. होतं नव्हतं गवत शेळीनेच खाल्लंय. कापणीचा खर्च वाचला.

१९ मे
सहा झाले. अठराचा हट्ट म्हणजे अंधानुकरण. सहावर तीन फेऱ्या मारल्या की अठराच.
पहिला फटका मारला. बॉल जागेवर, पाना गेला. सापडला नाही.

२३ मे
इरा उद्या येणार, आणि माझ्या सहाही खड्ड्यांत बांबू! बनूबाईच्या नातवाची, सनीची हळद. मंडपवाला सदू शिडीवर. खूप ओरडलो. तो वरूनच म्हणाला, काका, काय कडक खड्डे मारलेत! एकदम लाईनीत. मंडप कधी काढणार विचारलं. हळद, लग्न, मग पूजा. म्हणजे इरा परत जाईपर्यंत नाहीच. महिना गेला, चार दिवसही गेले. माईला सांगायला गेलो, तर ती हळदीच्या साडीला इस्त्री करत होती.

२५ मे, दुपार
इरा काल डीजेवर बनूबाईबरोबर नाचली. कानामागे अजून पिवळी आहे. आज बापाला फोनवर ठणकावलं, महिनाभर राहणार, बनूआजीकडे अजून एक लग्न आहे.
मी गोल्फचं काढलं. म्हणाली, शी आजोबा, बोअर! तिकडे मी तुमच्याबरोबर आईस्क्रीमसाठी यायचे.

संध्याकाळ
सदूचा फोन. वांगणीला हळद आहे, बारा खड्डे मारून द्याल का? स्पष्ट नाही म्हणालो. आपण कोण, हा कोण!
सहा आणि बारा अठरा.
पहार कुठे ठेवली?